टाकीवरची रेंज

यावल-फैजपूर एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आबा आणि त्यांची नात.

"आबा, केळी भरायला गाडी कोणाच्या बागेत कधी येणार, ते सगळं आपल्या शेतकरी गटाच्या नव्या साईटवर टाकलंय. उघडा ना."

"घरी टाकीवर चढून उघडतो. तिथेच रेंज भेटते."

"जुनी साईट जड होती. ही मी साध्या कोडमध्ये लिहिलीय. दाबा तर."

"उघडली की. पण जुनीसारखं हिच्यात चित्रबित्र काहीच हलत नाही, कामिनी. लोक म्हणतील, पोरीनं काम अर्धंच सोडलं."

"हलत नाही म्हणून तर कमी रेंजमध्येही लगेच उघडते. आता त्या टाकीवर चढायचं नाही. गुडघे बघा तुमचे."

"चढावं तर लागेलच."

"आता कशाला?"

"उद्या तू पुण्याला जाशील. व्हिडिओ कॉलवर तू टाकीवरूनच दिसते."