जावईबापूंची बसकी गाडी

मी मूळचा औंढ्याचा. आमची भाताची खाचरं हायत तितं, पन चार भाऊ आमी, चौघांना ती कुटं पुरायची, म्हणून वडलांनी मला मिसरूड फुटायच्या आधीच खंडाळ्याच्या एका उस्तादाकडं पाट्यांच्या कामाला लावलं. पाटे म्हंजी ट्रकच्या खाली एकावर एक लोखंडी पट्ट्या असत्यात बघा, कमानीवानी, सगळं वजन त्यांच्यावर. घाट चढताना तुटायचे, लय तुटायचे. घाट हाय तवर आपलं पोट हाय असं उस्ताद म्हणायचा, आन् खोटं न्हाई बोलला. मंग वलवणला जुन्या हायवेला माझं सोताचं गॅरेज झालं, घर मातर अजून औंढ्यातच. तर काय सांगू तुम्हाला, उभ्या जल्मात माझ्याकडं जो आला तो एकच रडगानं घेऊन आला, गाडी बसलीय, वर घ्या. गाडी चांगलीय, खाली घ्या, असं म्हणनारा मानूस मी बघितलाच नव्हता. पहिला भेटला तो बी घरातलाच.

म्हंजी माझा जावई. सुजाता माझी थोरली, ती तळेगावला दिली. पोरगा कंपनीत सुपरवायझर, तोंडात सुपारीचं खांड न्हाई. लग्नाआधी सगळी चौकशी केली मी, पन गाड्यांचा नाद हाय का एवढं विचारायचं राह्यलं. आन् लग्नाला वरीस व्हतंय न व्हतंय तर हा गडी लाल रंगाची, दोन दारांची शर्यतीची गाडी घेऊन गॅरेजात हजर. सेकंडहँड व्हती, पन काय झळकत व्हती. डिकीत खोकं, खोक्यात चार पिवळ्या स्प्रिंगा, बाहेरदेशातनं मागवलेल्या. म्हणाला, मामा, ह्या बसवायच्या, गाडी खाली घ्यायची. मी म्हणलं जावईबापू, ती आधीच खाली हाय, अजून कुटं न्यायची. तर त्यानं टायर आन् वरचा पत्रा यांच्या मधी बोटं घातली, म्हणाला हितं चार बोटं जात्यात, दोनच गेली पायजेत.

न्हाई म्हणलं मी. तीनदा म्हणलं. आपले रस्ते असे, खड्डे असे, पोट घासंल म्हणलं. तेवढ्यात आमची मंडळी डबा घेऊन आलती, तिनं मला बाजूला घेतलं, म्हणाली लोकांचे जावई बुलेट मागत्यात, हा बिचारा नुसतं तुमच्या हातचं काम मागतोय, आन् तुमी न्हाई म्हणता. मी पाना उचलला.

अख्खा दिवस गेला. स्प्रिंग काढायची म्हंजी शिकंज्यात दाबून धरायची, आन् दाबलेली स्प्रिंग निसटली तर मानसाचं थोबाड घेऊन जाती, तवा जावयाला मी दहा पावलं लांब स्टुलावर बसवला, पोरीचं कुकू म्हणलं. नव्या स्प्रिंगा आखूड आन् लय कडक. आतला रबरी गट्टू सुदिक थोडा कापावा लागला. चारी बसवल्या, गाडी जमिनीवर ठिवली, तिच्या तिच्या वजनानं बसू दिली, मंगच बोल्ट आवळले, गाडी हवेत असताना आवळले की बुश, म्हंजी सांध्यातला रबर, पिळतो, हे कुनी शिकवत न्हाई. जावयानं बोटं घातली. दोनच गेली. काय हसला व्हता तो. मला शेजारी बसवून खंडाळ्यापर्यंत नेलं, वळनावर गाडी कलंडायचं नाव न्हाई, गोचिडावानी रस्त्याला चिकटलेली. खोटं कशाला बोलू, मला बी गंमत वाटली. परत आल्यावर उतरताना मातर गॅरेजातल्या दोन पोरांनी वढून काढला मला.

पुढच्या आठवड्यात औंढ्याची जत्रा. जावयाला मान, फेटा बांधायचा, म्हणून गॅरेजावरनं आमी दोघं लाल गाडीत आन् सुजाता आन् तिची आई मागनं रिक्षात. शाळेम्होरं आलो तर तितं नवा ब्रेकर, ताजा, झोपलेल्या म्हशीएवढा. जावयानं हळूच घातली व्हती, त्याची काय चूक न्हाई. पुढची चाकं पलीकडं गेली आन् घर्रर्र करून गाडी पोटावर बसली. ना पुढं, ना मागं. समोरनं लेझीमवाले येत व्हते ते थांबले, हलगी थांबली, सगळा गाव गोळा. मी जॅक काढला तर जॅक जाईना खाली, जागाच न्हाई, आन् ती जागा मीच खाल्लेली. मला लय राग आला. सरपंच मंगलाताई व्हत्या, त्यांना म्हणलं हा ब्रेकर कुटल्या शान्यानं मागितला. त्या शांतपनी म्हणाल्या, आबा, तुमीच. ग्रामसभेत उभं राहून म्हणला व्हता, बाहेरच्या गाड्या हितं अडकल्याच पायजेत.

व्हय, म्हणलो व्हतो.

मंग बारा लेझीमवाल्यांनी ती गाडी पालखीवानी उचलली आन् पलीकडं ठिवली, आन् जावई मागनं म्हणतोय, दादा, रंगाला जपा. सुजाता रिक्षातनं उतरलीच न्हाई, पदर तोंडाला लावून हसत व्हती का रडत व्हती देव जाने.

दुपारी जेवताना त्यानं मान वर केली न्हाई. मला वाईट वाटलं, कारन काम माझ्या हातचं. म्हणलं जावईबापू, आना उद्या, जुन्या बसवतो. तर म्हणाला, न्हाई मामा, तुमचं काम चोख हाय, रस्ता चुकीचा हाय. झालं. तवापासनं वरीसभर हा गाडी फाट्यावर लावायचा आन् हातात पेढ्यांचा पुडा घेऊन घरापर्यंत चालत यायचा, मोटारवाला जावई चालत येतोय म्हणून पोरं मागं लागायची. सुजाता म्हणायची विका ती, हा म्हणायचा न्हाई. मंडळी सगळा दोष मला देनार, जसं काय डबा घेऊन दुसरीच कोन आलती.

आन् आता ह्या रविवारी, सकाळच्याला, एकटाच आला गॅरेजात. बसला बी न्हाई. मामा, जुन्या स्प्रिंगा हायत का. म्हणलं हायत, तेल लावून ठिवल्यात. बसवा म्हणाला. मला वाटलं परत कुटं अडकला, अपमान झाला. इचारलं काय झालं. तर खाली बघत म्हणाला, सुजाताला गाडीतनं उठाया जड जातंय, आन् डॉक्टरीनबाईंनी धक्के नकोत म्हणून सांगितलंय. मी म्हणलं का, कंबर धरली का पोरीची. कान लाल झाले गड्याचे, गाडीवानी. तवा कुटं माझ्या डोक्यात उजेड पडला, आन् हातातला पाना पडला तो थेट माझ्याच पायावर.

तिला सोताला सांगायचंय आईला, म्हणून गप राहा म्हणाला. राह्यलोय. अंगठा सुजलाय, तरी दोन स्प्रिंगा बसवल्या, दोन उद्या. पोरीची सुटका नीट व्हऊ दे, पोरगा येऊ दे न्हाईतर पोरगी, धडधाकट येऊ दे, बास. मंडळी मातर दोन दिवस इचारती, गाडी तर जावयाची, काम तर फुकटचं, पाय तर लंगडा, मंग तुमी शीळ कशापायी घालताय.