खालच्या मजल्याचा विचार

...आणि तोंडात मासा ठेवून माणसानं दुसऱ्याला घराविषयी सल्ले द्यावेत, ही कसली हो पद्धत? ओठांना तेल, हनुवटीला सॉस, आणि त्या सॉसामागून हा कॅझ डुडेक मला सांगतोय, "बर्नी, ऐक माझं. व्हाउचरवाल्यांना घर देऊ नकोस. घाण करतात ती माणसं." घाण! तुम्हाला सांगते, हे म्हणताना त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर कोबीचा एक तुकडा बसला होता आणि तो तिथे मुक्कामालाच आल्यासारखा दिसत होता.

हे सगळं आमच्या चर्चच्या तळघरात. ईस्टरच्या आधीचा उपवासाचा शुक्रवार, म्हणजे आमच्या बफेलो शहरातलं निम्मं पोलिश रक्त तळलेल्या माशाच्या रांगेत उभं. उपवास म्हणे. एकेकाच्या ताटात असा मासा की शेपटी ताटाबाहेर... पण ते जाऊ द्या, मी सांगत होते घराचं.

माझं घर दुमजली. वर मी, खाली भाडेकरू. खालचे म्हातारे पाझिक ऑक्टोबरात बहिणीकडे राहायला गेले आणि मजला रिकामा पडला. जाहिरात दिली. पहिलाच फोन आला तो एका बाईचा. आवाज अगदी नीट घडी घातलेला. "मी इव्हेट ब्रॉडनॅक्स. हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला आहे. एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. भाड्यातला मोठा वाटा सरकार भरेल, माझ्याकडे व्हाउचर आहे. चालेल का?"

आता काय सांगायचं? आमच्या शहरात कोणाकडे व्हाउचर आहे म्हणून घर नाही म्हणायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून इथे कोणी नाही म्हणतच नाही. सगळं शहर एकच वाक्य शिकलंय, लहान मुलांना प्रार्थना शिकवावी तसं. "विचार करते." तुम्ही विचार करता, समोरचा वाट बघतो, आठवडाभरानं तो आपोआप गळतो, आणि तुमचे हात स्वच्छ. मीही तेच म्हटलं. नाही म्हटलं नाही हं मी. विचार करते म्हटलं.

ती बाई गळेना. तीन दिवसांनी पुन्हा फोन. "बाई, विचार झाला का? माझ्या कागदाचे साठ दिवस असतात. त्यातले बेचाळीस गेले. तारखेच्या आत नवं घर सरकारी तपासणीत पास झालं नाही तर व्हाउचर रद्द होतं, आणि मी सहा वर्षं रांगेत होते." सहा वर्षं! सहा वर्षांत माझ्या मुलीचं लग्न होऊन मोडलंसुद्धा. मी म्हटलं, "विचार चालू आहे." चालू कसला, विचार जागेवरून हलला नव्हता. कॅझ डोक्यात बसला होता ना. अकरा घरांचा मालक तो. त्याला कळणार नाही तर कोणाला? "भिंतींना भोकं पाडतात, बर्नी. सिंकमध्ये चरबी ओततात. वास जात नाही, वास."

वासाचं म्हणाल तर माझ्यापाशी नाक आहे. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी. आरोग्य खात्याची माणसं न सांगता यायची, फडताळाच्या मागे बोट फिरवायची आणि बोट स्वच्छ बघून हिरमुसून जायची. तीस वर्षांत एकदाही नापास नाही. तेव्हा म्हटलं, कॅझचं कशाला, आपण स्वतःच बघू. इथे घरमालकांची जुनी युक्ती आहे. भाडेकरू पारखायचा तर तो आत्ता राहतो तिथे अचानक जायचं. खसखशीचा रोल केला, आमचा तो गोड पाव, रुमालात बांधला आणि मंगळवारी गेले. म्हणजे पाहुणी म्हणून हं. हेर म्हणून नाही. रोल होता ना हातात.

दार उघडलं आणि... कसं सांगू तुम्हाला? वास आला. गटाराचा. साधासुधा नाही, मुरलेला. मी मनात म्हटलं, झालं, कॅझ खरा ठरला. मग आत बघते तर जमीन चकचकीत, टॉवेलांच्या घड्या अशा की फूटपट्टी लावावी, चुलीवर डाग नाही. मी टेबलाखालून बोट फिरवलं. हो, फिरवलं, सवय आहे. बोट स्वच्छ. मुलगी गृहपाठ करत होती, तिनं ते पाहिलं आणि आईला म्हणाली, "मॉम, या बाई टेबल तपासतायत."

"तपासू दे, नायला," इव्हेट म्हणाली. "बाई, वास तळघरातून येतोय. बघायचाय?"

बघायचा नव्हता हो मला, वास कोण बघतं? पण गेले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबावं लागलं, कारण पाचवी पाण्यात होती. आणि त्या पाण्यावर काय काय तरंगत होतं ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवून आला असाल. मी रुमाल नाकाला लावला, त्याला खसखशीचा वास, त्यामुळे तुम्हाला सांगते, आता माझ्यासाठी खसखसही गेली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जानेवारीपासून. म्हणून तर हे घर सरकारी तपासणीत नापास झालं आणि आम्हाला निघायला सांगितलं. मालकांना पाच फोन केले."

"मग?"

"मग त्यांनी कॅलेंडर पाठवलं."

वर येऊन बघते तर फ्रिजवर आमच्याच चर्चचं कॅलेंडर. डिसेंबरात गठ्ठ्यानं कोण उचलतं ती? कॅझ. मला वाटायचं, केवढी भक्ती. मी विचारलं, "मालकाचं नाव काय गं?"

"मिस्टर डुडेक. म्हणाले, दुसरीकडे कुठे मिळालं नाही तर माझंच आणखी एक घर आहे. मी पाहून आले. तिथे वरच्या मजल्यावर राहायचंय, म्हणजे पाणी छतातून येतं."

तुम्हाला कळलं का? मला निघताना बाहेरच्या पायऱ्या उतरता उतरता कळलं. आम्ही सगळ्यांनी विचार करत बसायचं, हिचे साठ दिवस संपत आणायचे, आणि शेवटी ही पुन्हा कॅझच्याच घरात. म्हणजे तो मला सल्ला देत नव्हता, तो कुंपण घालत होता. आणि त्या कुंपणाचा एक खांब मी.

शुक्रवारी पुन्हा तळघर, पुन्हा मासा. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "कॅझ, तुझ्या घराच्या पाचव्या पायरीवर काय आहे रे?"

तो चावत राहिला. मग हळूच म्हणतो, "बर्नी, धंदा आहे. तुझ्यासारख्या सगळ्यांनी त्यांना घरं दिली, तर माझ्या घरांत राहणार कोण?"

बघा. इतकं खरं तर माणूस फादरांसमोर पापाची कबुली देतानाही बोलत नाही. मी ताट तसंच परत केलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "मासा कच्चा आहे का?" म्हटलं, "मासा ठीक आहे, शेजार नासलाय."

घरी येऊन इव्हेटला फोन केला. "विचार झाला. ये."

आता तुम्हाला वाटेल, संपलं. छे हो. घराची सरकारी तपासणी राहिली होती. मी अगदी निर्धास्त. माझं घर! लॉनर्डनं, म्हणजे आमच्या देवाघरी गेलेल्या ह्यांनी, दर भाडेकरू गेला की सगळं घर रंगवायचं, चाळीस वर्षं, नेमानं. तपासणीला आली ती पंचविशीची पोरगी, हातात टॅब. खिडकीपाशी गेली. वर सरकवायला गेली. खिडकी हलेना. दुसरी. तिसरी.

"या उघडत नाहीत का, मॅडम?"

कशा उघडतील? लॉनर्डचा रंग म्हणजे रंग. चौकट, कडी, काच, खिडकीत मेलेली माशी, जे वाटेत येईल ते रंगवायचा. आठ थर. पाझिक बारा वर्षं राहिले आणि एकदाही म्हणाले नाहीत की हवा येत नाही. मला वाटायचं, शांत स्वभाव. ते गुदमरले होते हो.

पोरीनं खिडकीखाली बोट फिरवलं. माझ्यासमोर, माझ्या घरात! बोटाला रंगाचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांत ती माशी. "नापास," म्हणाली. अगदी गोड आवाजात. तीस वर्षांची माझी अब्रू तिनं टॅबवर एक टिचकी मारून काढली. पुन्हा कधी येणार विचारलं, तर म्हणे गुरुवारी. इव्हेटचा कागद शुक्रवारी संपत होता.

मग काय, रविवारपासून मी आणि इव्हेट, हातात एकेक पत्र्याची पट्टी, रंग खरवडतोय. धूळ उडू नये म्हणून रंगावर पाणी मारायचं, मग खरवडायचं. ती धुलाईघरातली पाळी संपवून यायची, तोंडाला फडकं बांधायची, आणि थेट कामाला लागायची. मी मात्र बोलत होते. म्हटलं, "मी तुला नाही म्हटलं नव्हतं हं. विचार करते म्हटलं होतं."

ती पट्टी न थांबवता म्हणाली, "बाई, एकोणीस जण विचार करतायत. अजून."

मी पुढच्या खिडकीवर पाणी मारायला घेतलं. 

बुधवारी शेवटची खिडकी सुटली तेव्हा असा आवाज झाला की पलीकडच्या घरातला कुत्रा रडला. गुरुवारी ती पोरगी आली. अकराही खिडक्या उघडून पाहिल्या. जिन्याला कठडा हवा होता तो सोमवारीच लावून घेतला होता, तोही हलवून पाहिला. "पास." इव्हेट नळ सोडून हात धुवायला लागली, आणि बराच वेळ धुतच राहिली.

मला वाटलं, चला, अब्रू परत आली. तपासनीस पोरीला म्हटलं, "वर या, कॉफी घ्या." आली. कप हाती घेतला, सवयीनं माझी खिडकी उचलायला गेली. खिडकी हलली नाही. दुसरी हलली नाही. लॉनर्डनं वरही रंगवलंच होतं ना. तिनं माझ्याकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं, आणि टॅब पिशवीत ठेवला.

"मॅडम, या मजल्यावर राहायला कोणालाही परवानगी मिळणार नाही," ती म्हणाली. "पण मालकाला चालतं. मालकाची तपासणी आम्ही करत नाही."