दगडावरचं नाव

स्मारक विभागाच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक आजोबा होते, आत कारकून.

"साहेब, बंदरातल्या स्फोटाच्या दगडावरून माझं नाव काढून टाका."

"आजोबा, तिथे फक्त मेलेल्यांची नावं आहेत."

"म्हणूनच म्हणतोय."

"चाळीस वर्षं कुठे होतात?"

"लाज वाटत होती. त्या दिवशी मी दांडी मारली. माझा खाडा पडू नये म्हणून माझा दोस्त माझा हजेरीचा बिल्ला लावून कामाला गेला. बिल्ला बघून तुम्ही माझं नाव कोरलंत."

"बरं, खोडू."

"नुसतं खोडू नका, तिथे त्याचं घाला. त्याची बायको, आमच्या वहिनी, दर वर्षी माझ्या नावापुढे फुलं ठेवतात हो."

"तुमच्या जागी तोच होता, याला पुरावा?"

"मी आलोय ना, साहेब."