कार्ड उनं का

नाही, उपचार का सोडले तिथं पैसा लिहू नका. पेन टेकवलंत ते बघितलं मी. सगळे पैसाच सांगत असतील तुम्हाला, आणि ते सांगितलं की तुमचंही काम सोपं, चौकटीत खूण केली की निघालात पुढच्या गावाला. आमचं तसं नव्हतं ताई. औषधं तुमच्या दवाखान्यात ट्रस्टकडून फुकट मिळायची, राहायला धर्मशाळा होती, गाडीचं तिकीटही निम्म्यात व्हायचं. मग अंतर? लिहा हवं तर. इथून एस.टी.नं पाचोरा, पाचोऱ्याहून रेल्वे, मुंबईत उतरून पुन्हा बस — पण आम्ही चार वेळा गेलो तेव्हाही अंतर तेवढंच होतं, नाही का? बसा ना नीट, खाट मोडत नाही. भिकूची आई, प्रमिला, वावरात गेलीय, येईल तासाभरात. तोवर काय विचारायचं ते विचारून घ्या.

भिकुबाई सुकदेव, वय सात, तालुका पारोळा — बरोबर लिहिलंय. तुमच्याकडची नर्स हसायची नावाला, एवढ्याशा पोरीचं म्हातारीसारखं नाव म्हणून. तिच्या आधीची दोन पाळण्यातच गेली आमची, म्हणून ही देवाकडे भीक मागून घेतलेली, म्हणून भिकुबाई. आणि ती जगली बरं का. कशी जगली — झाडावर चढायची, म्हशीच्या पाठीवर बसून तळ्यात जायची. सत्त्याऐंशीच्या संक्रांतीला ताप यायला लागला, तीळगूळ खाताना हिरड्यांतून रक्त आलं, पायावर निळे डाग. पारोळ्याच्या डॉक्टरनं काविळीचं औषध दिलं, एकानं टायफॉईड म्हटलं, तिसऱ्यानं धुळ्याला पाठवलं. तिथं एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी रक्त तपासलं, मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, रक्ताचा कॅन्सर आहे, आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला न्या. भला माणूस. चिठ्ठी दिली हातात, दारापर्यंत सोडायला आले.

तुमच्याकडे पहिल्यांदा दोन महिने काढले. केस गेले तिचे, तोंड आलं, आणि मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, रक्तात आता रोग दिसत नाही. प्रमिला तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडली. डॉक्टर म्हणाले, अजून संपलं नाही, अडीच वर्षं यायचंय, गोळ्या, सुया, आणि पाठीतली इंजेक्शनं — ती चुकवायची नाहीत. मी हो म्हटलं. सगळेच म्हणत असतील तिथं. मग दर महिन्याला आम्ही यायला लागलो, तिसरी खेप झाली, चौथी झाली, आणि चौथ्या खेपेनंतर तुमच्याकडून बोलावणंच आलं नाही. हे लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, की दवाखान्यानं बोलावलंच नाही. डॉक्टर म्हणाले होते, पुढची तारीख कार्डानं कळवू. आम्ही आपले वाट बघत बसलो. प्रमिला रोज विचारायची, कार्ड उनं का? आमच्या बोलीत — कार्ड आलं का. मी वावरातून आलो की पाण्याचा तांब्या देता देता, कार्ड उनं का? मी म्हणायचो, नाही. आता तुम्ही यादी घेऊन फिरताय, कोणी अर्धवट सोडलं, का सोडलं — आधी तुमच्या घरात बघा ना. किती नावं आहेत या यादीत? धुळे-जळगाव मिळून सत्तावीस? आणि सापडली किती? एकोणीस. त्यातली जिवंत?

दोन.

आणि ज्यांनी पुरं केलं, ती? नाही, सांगा ना, मी काही रडणार नाही. दहातली पाच-सहा? पाच-सहा जगतात? शाळेत जातात? हं.

नाही, पाणी मला नको, तुम्ही प्या.

तुम्हाला वाटतं आम्हाला कळत नव्हतं. पण बघायचं कसं हो — पोर घरी आली, दोन महिन्यांत केस आले तिचे, काळेभोर, आधीपेक्षा दाट. भाकरी खायला लागली दीड-दीड. आधी गल्लीतल्या बायका पोरं लांब ओढायच्या, हिच्याजवळ जाऊ नको, लागण होते म्हणून, त्याच बायका आता तिला अंगणात बोलवायच्या. दुसरीत नाव घातलं. मी पारोळ्याला नेऊन रक्त तपासलं मुद्दाम, हिमोग्लोबिन अकरा निघालं, अकरा, माझ्यापेक्षा जास्त. ज्याला त्याला सांगत सुटलो, पोर बरी शे, बठ्ठं बरं शे, सगळं बरं आहे. अशा पोरीला घेऊन जायचं, आणि पुन्हा तसं वाकवून — मुलगी बरी दिसत असली तरी रोग आत लपून असतो, उपचार मध्येच सोडू नका, असं कार्डावर लिहायला काय जातं, लिहिणाऱ्याला का ती पोर दिसत होती, माझ्यासमोर अंगणात उड्या मारणारी —

काय?

मघाशी मी काय म्हटलं? कार्ड आलं नाही म्हटलं? हो. म्हटलं मी तसं.

पेन ठेवा जरा खाली.

दोन आली. पहिलं आलं त्यात नुसती तारीख होती. झुलाल पोस्टमननं मला केळीच्या बागेत आणून दिलं, मी वाचलं, सातवीपर्यंत शिकलोय मी. दुसरं महिन्यानं आलं, त्यात हे सगळं, रोग आत लपून असतो. दोन्ही मी तिथंच फाडली आणि पाटाच्या पाण्यात सोडली. पाणी जोरात होतं, वाहून गेली. प्रमिलाला वाचता येत नाही, आलेलं दाखवलं असतं तरी मी म्हणेन तेच तिनं ऐकलं असतं, पण नुसतं दाखवायचाही धीर झाला नाही. तांब्या पुढे करून तिनं विचारलं आणि मी नाही म्हटलं. दोन्ही वेळेला.

चौकट नाहीये ना याला तुमच्या कागदावर? इतर? इतर म्हणून लिहिणार?

सांगतो ना. ते पाठीतलं इंजेक्शन. पहिल्या वेळेला वॉर्डबॉय नव्हता, का होता आणि दुसरीकडे गेला होता, मला माहीत नाही. डॉक्टर पोरसवदा होता, दहा जणांची कामं एकटा करायचा, मला म्हणाला, बाबा, तुम्ही धरता का? मी म्हटलं धरतो. तिला कुशीवर घातली, गुडघे पोटाशी, मान छातीशी, एक हात मानेमागे, एक गुडघ्यामागे, असं गाठोड्यासारखं आवळून धरायचं, जरा हलली तर सुई चुकते. भुलीचं काही नाही. तोंड माझ्याकडे. सुई पाठीत, आणि तोंड माझ्याकडे, ताई. डॉक्टरला तिचं तोंड दिसत नव्हतं, मला दिसत होतं. ओरडली नाही फार. माझ्याकडे बघत राहिली, की हे माझा बापच करतोय. चौथ्या वेळेला सुई दोनदा काढून घालावी लागली, तेव्हा ती माझ्या मनगटाला चावली — ही इथं खूण — चावली आणि सोडलंच नाही. मी पण सोडलं नाही. जोर होता ना माझ्यात. सात वर्षांच्या पोरीला आवळायला किती जोर लागतो?

नंतर चार दिवस माझ्याजवळ आली नाही. गाडीत आईच्या मांडीवर. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला तर आईच्या पदरात तोंड घातलं. पाचोऱ्याला उतरलो, एस.टी. लागायची होती, प्रमिला पाणी आणायला गेली, तेव्हा पोर आपणहून जवळ आली. म्हणाली, बाबा, आते तू माले धरू नको. आता तू मला धरू नको. दुखतंय म्हणाली नाही, सुई नको म्हणाली नाही. धरू नको. मी म्हटलं, नाही धरणार. तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, शपथ घे म्हणून.

दुसऱ्या कोणी धरलं असतं. माहितीये मला. तुमच्या तोंडावर दिसतंय ते. प्रमिलाला म्हटलं असतं तर तिनं छातीवर दगड ठेवून धरलं असतं, ती माझ्यापेक्षा घट्ट आहे. ती पाठवायलाही तयार होती, नाहीतर रोज का विचारत होती? पण तेव्हा मला असं सुचलंच नाही. मला एवढंच वाटलं, पोर हसतेय, माझ्या खांद्यावर बसून शाळेत जातेय, आणि हे कार्ड म्हणतं तिला परत त्या टेबलावर घाल.

नऊ महिने. नऊ महिने चांगले गेले, खोटं कशाला बोलू. मग उन्हाळ्यात सकाळी उठली की उलटी व्हायला लागली. डोकं दुखायचं. एक डोळा आत वळला, मला दोन बाबा दिसतात म्हणायची. पळालो मुंबईला. तोच डॉक्टर होता, जरा मोठा दिसायला लागलेला. तपासलं आणि म्हणाला, डोक्यात गेलंय. ती पाठीतली इंजेक्शनं त्यासाठीच असतात, डोक्यात जाऊ नये म्हणून. त्यासाठीच असतात. मला आधी कोणी सांगितलं होतं का? सांगितलं असेल. त्यानं विचारलं, कार्डं मिळाली नाहीत का तुम्हाला? मी प्रमिलाकडे बघितलं आणि म्हटलं, नाही. प्रमिलानं मग सोडलं नाही त्याला. भरल्या वॉर्डात बोलली — तुम्ही बोलावलं नाही, आमची पोर तुम्ही घालवली. आणि त्यानं हात जोडले, ताई. म्हणाला, आमचीच चूक असेल बाई, आम्ही चौकशी करतो, माफ करा. मी शेजारीच उभा होतो, भिकूला कडेवर घेऊन. एक शब्द बोललो नाही. एकोणीस दिवसांनी गेली.

कसली चौकशी केली असेल त्यानं? कार्डं कोण लिहायचं तिकडे?

तुम्ही?

ते अक्षर तुमचं होतं. गोल गोल. मग — तुम्हाला बोलले असतील. हो ना? काढलं नाही ना कामावरून? बदली केली? त्या एका पोरीमुळे? आणि म्हणून तुम्ही स्वतः आलात, यादी घेऊन, चार वर्षांनी, झुलालनं कार्ड हरवलं का तुम्ही पत्ता चुकवला ते बघायला.

पत्ता बरोबर होता. बस्स, एवढं मिळालं ना तुम्हाला? मग झालं की. तिकडे जाऊन सांगा, साहेबांना दाखवा, सुकदेवनं स्वतः कबूल केलं. तिकडे मुंबईत काय सांगायचं ते सांगा.

इथं नाही. त्या बांधावरून येतेय ना, डोक्यावर भारा, ती प्रमिला. तुम्ही मुंबईच्या म्हटल्यावर ती भारा टाकण्याआधी एकच गोष्ट विचारेल, कार्ड का पाठवलं नाही. चार वर्षं झाली, तिचं सगळं त्यावर चाललंय. तुमच्यावर चिडून तिचा दिवस उगवतो, तुमच्यावर चिडून ती भाकरी खाते, आणि माझ्याशेजारी झोपते. तुम्ही मान खाली घाला. काही बोलू नका, खरं नको, खोटं नको, नुसती मान खाली घाला. साहेबांसमोर एकदा घातलीत ना, आणखी एकदा घाला, तुमचं काय जातं.

असं बघू नका माझ्याकडे.

हे बघ गं, या ताई — कोणी नाही, यादी करायला आल्यात. निघाल्यातच त्या.