हिरामावशींची मान

खोटं वाटलं तर चहाचे पैसे माझे. माझी भाची शलाका तिच्या संशोधनासाठी नजर टिपणारा व्हीआर हेडसेट गिरगावात आमच्याच घरी जुळवत होती. चार वाजता तिच्या गाइड बाई तो चालू बघायला येणार होत्या. त्याआधी यंत्राला माणसाची नजर ओळखायला शिकवायचं, म्हणजे मान स्थिर ठेवून नुसत्या डोळ्यांनी पडद्यावर फिरणाऱ्या हिरव्या ठिपक्याचा माग काढायचा.

"मामा, सातव्यांदा हललास! घुबडासारखी मान काय फिरवतोस?" शलाका रडकुंडीला आली होती.

तेवढ्यात आमच्या कोळीण हिरामावशी पापलेट घेऊन आल्या. शलाकाने हेडसेट त्यांनाच चढवला. ठिपका चारी कोपरे फिरून आला, पण मावशींची मान जागची हलली नाही. पहिल्याच फटक्यात यंत्र लागलं!

"मावशी, जमलं कसं?"

"डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडते गो मी. गाडी बघायची ती डोळ्यांनी. मान हलली तर म्हावरं रस्त्यावर."

चारला बाई आल्या, खूश झाल्या आणि हौसेने स्वतः हेडसेट घालून बसल्या. त्यांचीही मान हलली. चहाला थांबलेल्या मावशी उठल्या, पापलेटांसकट पाटी बाईंच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता हलवून दाखव."