पुन्हा कावळा शिवला

(कल्याण. गावात आगगाडी येऊन बरीच वर्षं झालेली. घराच्या मागच्या पडवीत सून शेवंती घोंगडीवर बाजूला बसली आहे. सासू रंगूबाई दाराच्या आत, चौकट धरून उभी.)

रंगूबाई: पुन्हा? अगं, एकादशीला तर न्हाऊन घरात आलीस! पंधरवडा तरी लोटला का?

शेवंती: शिवला कावळा. त्याला मी काय करू, आत्याबाई?

रंगूबाई: मागच्या महिन्यातही दोनदा. त्याच्या आधीही. आणि नेमकं दळणाची पाटी भरून ठेवली की!

शेवंती: मला काय हौस आहे इथं बसायची?

रंगूबाई: तुला नसेल, पण तू बसलीस की जातं माझ्या गळ्यात, पाणी माझ्या गळ्यात, चूल माझ्या गळ्यात. बरं, ते राहू दे. उद्या भिवंडीहून माणसं येतायत.

शेवंती: कशाला?

रंगूबाई: महिपताच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला.

शेवंती: मी जिवंत असताना?

रंगूबाई: तुला कुणी घराबाहेर काढलंय? तूही राहा. पण महिन्यातून दोन-दोनदा जिला कावळा शिवतो, तिच्या पोटी काय टिकणार? सुईणही हेच म्हणाली.

शेवंती: आणि तुमचा मुलगा काय म्हणाला?

रंगूबाई: तो बिचारा मालधक्क्यावरून दमून येतो. 'आई, तू ठरव' म्हणाला.

शेवंती: वा! छान! मग आता माझंही ऐका. मला कावळाबिवळा शिवलेला नाही.

रंगूबाई: काय?

शेवंती: आज नाही, आणि मागच्या महिन्यांत दुसऱ्यांदा बसले तेव्हाही नाही. खोटं बोलले. माझ्या पोटात काही बिघाड नाही.

रंगूबाई: कैदाशिणी! कावळ्याचं नाव घेऊन फसवतेस? मी तुला लांबून ताट सरकवते, तुझी उष्टी भांडी राखेनं घासते, आणि तू इथं मजेत...

शेवंती: मजेत? अंग ठणकतं माझं! मानेपासून टाचेपर्यंत, कुणी मुसळानं कुटून काढल्यासारखं. रोज!

रंगूबाई: वैद्यबुवांनी नाडी पाहिली होती. ठणठणीत आहे म्हणाले.

शेवंती: नाडी ठणठणीत, सूज नाही, ताप नाही, म्हणून दुखणंच नाही! काम कधी टाकलं का मी? हंडा उचलवत नाही तर कळशीनं आणते, खेपा वाढल्या तर वाढल्या. दळण अर्धं पहाटे, अर्धं दुपारी. अंघोळीच्या पाण्यात निरगुडीचा पाला. तापल्या वाळूची पुरचुंडी कमरेला बांधून भाकऱ्या थापते. एवढं करूनही एखादे दिवशी लुगड्याचा पदरसुद्धा खांद्याला सोसत नाही. असंच एकदा म्हटलं, 'आज नाही हो होत.' आठवतं, काय केलंत?

रंगूबाई: तुझ्या भल्यासाठीच केलं.

शेवंती: डाग देणारा बोलावलात! तापल्या सळईनं माझी पाठ जाळली त्यानं. दुखतं म्हटलं की सळई. कावळा शिवला म्हटलं की चार दिवस कुणी हाकसुद्धा मारत नाही. तुम्ही काय म्हटलं असतंत, सांगा ना!

रंगूबाई: आवाज खाली कर. आळी ऐकेल.

शेवंती: ऐकू दे! आणा सवत. तिचंही अंग दुखेल, तिलाही डाग द्या. आणि तुम्ही मघापासून ती चौकट का धरून उभ्या आहात? सोडा बघू.

रंगूबाई: तुला काय करायचंय?

शेवंती: पहाटे जात्यावरून उठताना भिंत धरता. इथवर कण्हणं ऐकू येतं तुमचं.

रंगूबाई: येतं ना ऐकू? मग ऐकून काय केलंस? दुखतं मला! तू या घरात यायच्या आधीपासून दुखतं. सांगणार कुणाला? मला काय सळई नव्हती? म्हणून मुकाट्यानं दळते. आणि तू इथं खोटं सांगून पाठ टेकतेस, तेव्हा तुझ्या वाटचं दळण कुणाच्या खांद्यावर येतं गं?

शेवंती: ... ते माझ्या मनातच आलं नाही.

रंगूबाई: कसं येईल? तुला तुझंच दुखणं. मला माझंच.

शेवंती: उठते मी. दळायला घेते.

रंगूबाई: बस खाली! आत्ता उठलीस तर सगळ्या आळीला कळेल. चार दिवस पुरे कर.

शेवंती: आणि भिवंडीची माणसं?

रंगूबाई: येऊ नका म्हणून निरोप धाडते. मला ठरवायला सांगितलंय ना त्यानं? ठरवलं.

शेवंती: दळण तेवढं निम्मं ठेवा, आत्याबाई. तुमचे खांदे...

रंगूबाई: राहू दे. तुला निदान कावळा तरी शिवतो. माझं तेही कधीच संपलं.