अंधारात दिसायची परीक्षा

...नाही, पण माणसानं दिसायचं तरी कसं, तुम्हीच सांगा! तीन वर्षं गोदामावर पहाऱ्याची रात्रपाळी करतोय. दिवसभर घरी झोपलेला. माझी लेक 'माझे बाबा' असं चित्र काढते ना, त्यात मी आडवा! बाकीच्या पोरांचे बाबा उभे, हसतायत, हात हलवतायत... म्हणून परीक्षेला बसलो. पास झालो की टोळीप्रमुख, आणि टोळीप्रमुखाला दिवसपाळी!

परीक्षा कसली? अंधारात दिसायची! तुम्हाला सांगतो, जाकिटावर दोन पट्ट्या. एक चमकणारी, तिला आधी पोटभर उजेड पाजायचा, मग अंधारात हिरवीगार. दुसरी इन्फ्रारेड, म्हणजे नुसती काळी! साध्या डोळ्यांना कोरं कापड, पण नाइट व्हिजनच्या चष्म्यातून बघा, लख्ख! साहेब गरजले, "पट्टी दिसली तो आपला. नाही दिसली तो चोर. धरायचा!"

सकाळी अकराला तळघरात सगळे दिवे बंद. माझी हिरवी पट्टी... ठार काळोख! अहो, रात्रभर दिव्याखाली ठेवलं होतं जाकीट! पण आमची आई... "मळेल रे," म्हणून उलटं करून घडी घातली. उजेड प्याला कोण? अस्तर! आता दिसायचं कसं माणसानं?

म्हटलं, असू दे, काळी आहे ना! तेवढ्यात कोणीतरी धपकन छातीवर बसलं. सख्खा मेव्हणा, आमच्याच गोदामावरचा! नाइट व्हिजनचा चष्मा लावून! मी ओरडतोय, "अरे, मी आहे, मी!" तर म्हणतो कसा, "दाजी, आवाज तुमचाच आहे हो, पण पट्टी नाही. नियम म्हणजे नियम!"

आणि तिकडे साहेब खूश! "तो बघा, खांबापाशी आपला माणूस! हालचाल नाही, खोकला नाही... याला म्हणतात पहारा! हाच टोळीप्रमुख!"

दिवे लागले. खांबाच्या खुंटीला माझी डब्याची पिशवी. पिशवीच्या पोटावर माझी काळी पट्टी, चारी बाजूंनी बारीक टीप मारलेली! काळ्या जाकिटावरची काळी पट्टी गेली, हे घाईत कोणाला कळतंय?

घरी येऊन कपाळाला हात लावला. तर आई माझ्यावरच! "नव्या जाकिटाला ठिगळ? माझ्या लेकराला फाटकं दिलं मेल्यांनी! म्हणून उसवलं. कापड जाड होतं, टाकवेना. पिशवीला भोक होतंच." माझ्या अब्रूसाठीच उसवत होती ना बिचारी... पण माणसानं दिसायचं कसं हो?

पुढची परीक्षा वर्षानं. तोवर रात्रपाळी. लेकीनं नवीन चित्र काढलंय. मी आहे तसाच, आडवा. शेजारी पिशवी... ती मात्र उभी!